शंका कोणाला विचारायची?

हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते, पुढे कोकण रेल्वे. या पट्ट्यात थांबणाऱ्या गाड्या थोड्या, आणि मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ सालापासून रखडत चाललेले. मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या संपर्क सत्राला कोण येणार आणि किती वाजता येणार, हे अभ्यासकेंद्रापेक्षा रस्ता आणि रेल्वेच जास्त ठरवतात. जे येतात त्यांनाही परतीची गाडी गाठायची असते. तासाच्या शेवटी शिकवणाऱ्या संमंत्रकाने ‘काही शंका?’ असे विचारले, की उत्तरादाखल बाके सरकल्याचे आवाज येतात.

या भागात दूरशिक्षण घेणारा माणूस कोण आहे हे आधी पाहू. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणारा, बारावीनंतर शिक्षण सुटलेला तरुण. धाटावच्या एमआयडीसीत पाळीने जाणारा कंत्राटी कामगार. त्याची साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल असे नाही. वढाव-वाशीच्या खारेपाटात लग्न होऊन आलेली, बी.ए.चे दुसरे वर्ष राहिलेली सून. आणि डोंगरातल्या एखाद्या कातकरी वाडीवरचा मुलगा, ज्याच्या घरची माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. या चौघांच्याही हातात पुस्तक असते. मराठीत लिहिलेले, एकट्याने वाचून समजावे अशा बेताने रचलेले पुस्तक. अडते ते मंगळवारी रात्री दहा वाजता, सत्तेचाळिसाव्या पानावर. घसारा ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला आणि नफा-तोटा पत्रकात कुठे, हे कळत नाही. पुढचे सत्र तीन आठवड्यांवर. तोवर शंका विझते, पुस्तक मिटते आणि परीक्षेच्या आधी बाजारातले गाइड येते.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्याकडच्या दूरशिक्षणाने ज्ञान विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवायचे मार्ग एकामागून एक शोधले. विद्यार्थ्याचा आवाज परत यावा म्हणून फार थोडे केले. आणि त्यासाठीचे सर्वांत स्वस्त, सर्वांत ओळखीचे साधन, म्हणजे साधा टेलिफोन, आपण शिक्षणाचे साधन म्हणून कधी मनावर घेतलेच नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, चार-पाच विद्यार्थी आणि एक शिक्षक एकाच फोनवर, हातात तेच पुस्तक घेऊन बोलत आहेत, हा प्रकार पेण आणि रोह्यासारख्या तालुक्यांत नेहमीचा व्हायला हवा होता. तो आजही होऊ शकतो.

दूरशिक्षणाचा जन्मच मुळात दुतर्फी व्यवहारातून झाला. १८४० मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमनने टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली, तेव्हा विद्यार्थी आपला मजकूर पाठवायचे आणि पिटमन तो तपासून परत करायचा. तपासून परत येणे हाच त्या शिक्षणाचा गाभा होता. आपल्याकडे विद्यापीठीय पत्रद्वारा शिक्षण दिल्ली विद्यापीठात १९६२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी त्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आलेले चिंतामणराव देशमुख रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते, हे सहसा कुणी सांगत नाही. १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठानेही पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले आणि रायगड त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात असल्याने इथल्या नोकरदारांची सोय झाली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आले. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीची वाट ठेवणे, मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार करणे, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडणे ही कामे मोठी आहेत. ज्यांना नेहमीच्या महाविद्यालयाने दारही उघडले नसते, अशा कितीतरी लोकांना या विद्यापीठाने पदवीपर्यंत नेले. पुढची टीका हे सगळे मान्य करूनच.

गंगा घरोघरी गेली. घरातून तिच्याकडे जाणारी वाट मात्र अरुंदच राहिली. पत्रद्वारा शिक्षणात उत्तरपत्रिका पाठवायची आणि शेऱ्यांसह परत मिळवायची सोय होती. विद्यार्थी वाढले तसे शेरे आखूड झाले, मग नुसते गुण उरले. स्वाध्याय लिहायचे ते गुणांसाठी, एकमेकांचे पाहून. शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांना ओळखत नाहीत यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले.

त्यानंतर आला माध्यमांचा उत्साह. १९८४ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. इग्नूने ज्ञानदर्शन वाहिनी काढली, ज्ञानवाणी नभोवाणी काढली, आणि टेलिकॉन्फरन्सिंगही केले: दिल्लीच्या स्टुडिओत बसलेले तज्ज्ञ पडद्यावर दिसत आणि केंद्रावर जमलेले विद्यार्थी टेलिफोनवरून प्रश्न विचारत. चित्र एकतर्फी, आवाज दुतर्फी. कल्पना चांगली होती. पण तिच्यात टेलिफोन हा शेपटासारखा होता. सारा खर्च चित्रावर; प्रश्नांसाठी शेवटची काही मिनिटे आणि लाइन लागली तर लागली. शिवाय तो प्रश्न विचारायला विद्यार्थ्याने अँटेना असलेल्या केंद्रावर जायचे. ज्याला केंद्रावर जाता येत नाही म्हणूनच तो दूरशिक्षणात आला, त्यालाच केंद्रावर बोलावून दूरशिक्षण देण्याचा हा प्रकार.

इतरत्र लोकांनी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९६५ मध्ये टेलिफोनचे शैक्षणिक जाळे उभारले, तेही आधी डॉक्टरांसाठी: राज्यभर विखुरलेल्या रुग्णालयांतले डॉक्टर एकाच वेळी एकाच व्याख्यानाला कान लावत आणि उलट प्रश्न विचारत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले आणि त्याच दशकात तिथल्या शिक्षकांनी टेलिफोनवर गटशिकवणी घ्यायला सुरुवात केली. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, वेस्ट इंडीजच्या बेटांवर हेच साधन उपयोगी पडले. ही दोन्ही ठिकाणे आपल्या कोकणासारखीच: वस्ती तुटक, पाणी आडवे, हवामान लहरी.

याच काळात मायकेल मूर या अभ्यासकाने दूरशिक्षणातल्या अंतराचा वेगळा हिशेब मांडला. त्याच्या मते शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. त्यांच्यात संवाद किती आहे आणि अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट आहे, यावर ते ठरते. शंभर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला, वर्षभरात एकदाही तोंड न उघडलेला विद्यार्थी शिक्षकापासून फार दूर असतो. दर आठवड्याला फोनवर ज्याचे नाव घेऊन प्रश्न विचारला जातो तो जवळ असतो. मला हा हिशेब पटतो.

आपल्याकडे तेव्हा टेलिफोन का वापरला गेला नाही, याचे कारण उघड आहे. १९८९ मध्ये रोह्यात घरी फोन असणे ही श्रीमंतीची खूण होती. नंबर लागायला वर्षे लागत. एसटीडी बूथ आल्यावरही रात्री उशिरा दर उतरेपर्यंत लोक रांगेत उभे राहत. त्या काळात फोनवर वर्ग घेऊ म्हणणाऱ्याला कोणी शहाणे म्हटले नसते. मग मोबाइल आला, दर उतरले, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर बोलणे जवळजवळ फुकट झाले. म्हणजे टेलिफोन खऱ्या अर्थाने सर्वांच्या हातात आला. आणि नेमके तेव्हाच शिक्षणखात्यापासून विद्यापीठांपर्यंत सगळे ॲप, व्हिडिओ आणि लिंकच्या मागे लागले. बोलणे स्वस्त झाले त्याच सुमारास बोलणे मागासलेले ठरले.

त्याची किंमत २०२० मध्ये कळली. मार्चच्या मध्यावर शाळा-महाविद्यालये बंद झाली. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पत्रे उडाले, आंबा-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या जूनमध्ये राज्यभर ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा चालली होती. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. ती कल्पक होती, मुलांना आवडली, आणि ज्या घरात टीव्ही चालू होता तिथे उपयोगीही पडली. पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ यायची. ती उघडली का, वाचली का, कळली का, हे विचारणारे कोणी नसायचे. गटात अंगठा दाखवला की हजेरी लागायची. काही शिक्षक वाडीवर चालत गेले, काहींनी पालकांच्या साध्या फोनवर एकेका मुलाला गाठले. ही माणसे आपल्या मनाने हे करत होती. त्याची नोंद ठेवण्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

फोनवर खरेच शिकता येते का, हा प्रश्न त्याच काळात काही देशांनी पडताळून पाहिला. बोत्सवानात साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना गणिताचे नुसते संदेश पाठवले. काहींना संदेशाबरोबर आठवड्याला एक फोन केला, पंधरा-वीस मिनिटांचा. नुसत्या संदेशांनी फारसे काही साधले नाही. फोन झालेल्या मुलांचे गणित सुधारले. सिएरा लिओनमध्ये मात्र शिक्षकांच्या फोनने मुलांचा अभ्यासातला सहभाग वाढला तरी चाचणीतल्या गुणांत फरक पडला नाही. फोनचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्ष लपवू नये. फोन केला म्हणजे शिकवले असे होत नाही. मूल कुठे अडले आहे ते शोधून तिथून सुरुवात करावी लागते, आणि ते काम शिक्षकाचे आहे, यंत्राचे नाही.

नुसत्या आवाजाला आपण कमी लेखतो, कारण चित्र नाही म्हणजे काहीतरी उणे आहे असे आपण धरून चालतो. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर हा उणेपणा पुष्कळदा फायद्याचा ठरतो. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू असेल तेव्हा कारागिराला दुसरे काही सुचता कामा नये. पण साच्यातून काढलेल्या मूर्तीला कागद मारताना हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. त्या कारखान्यांत रेडिओ वर्षानुवर्षे चालत आला आहे तो उगाच नाही. खारेपाटातल्या सुनेला एका खोलीच्या घरात कॅमेरा सुरू करायचा संकोच वाटतो: मागे वाळत घातलेले कपडे, सासऱ्यांची खाट. आवाजाला हा संकोच नाही. साधा फोन एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस निघतात, त्याला डेटा लागत नाही, आणि त्यावर बोलायला कोणाला शिकवावे लागत नाही. नुसते बोलणे हवे असणारे लोक देशात इतके आहेत, की २०२४ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामक ट्रायला फक्त कॉल आणि एसएमएसची वेगळी रिचार्ज योजना द्यायला कंपन्यांना सांगावे लागले.

अडचणी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. धाटावच्या रसायन कारखान्यांत आगीच्या धोक्यामुळे प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. म्हणजे वर्गाची वेळ पाळी सुटण्याशी जुळवावी लागेल, आणि पाळ्या फिरत्या असल्याने एकच वर्ग दोन वेळा घ्यावा लागेल. डोंगरात रेंज नसते. चक्रीवादळात टॉवरच पडला तर फोनही गेला. आणि घरातला फोन बाईच्या हातात किती वेळ राहील हा प्रश्न तर सगळ्यांत अवघड. नवरा कामावर गेला की फोन त्याच्याबरोबर जातो. तो घरी असला की बायको कोणाशी अर्धा तास बोलते आहे याकडे घराचे कान लागतात. याला तांत्रिक उपाय नाही. वेळ आधी ठरलेली असावी, ती वेळापत्रकात छापलेली असावी आणि फोन विद्यापीठाच्या नावाने यावा, एवढे केले तर घरात सांगायला आधार मिळतो. ‘माझा तास आहे’ असे म्हणता आले पाहिजे.

आकृती, नकाशे, ताळेबंद फोनवर कसे दाखवणार, असा आक्षेप नेहमी येतो. उत्तर विद्यार्थ्याच्या हातातच आहे. छापील पुस्तक प्रत्येकाकडे सारखे आहे, पानाचे आकडे सारखे आहेत. शिक्षकाने ‘सत्तेचाळिसावे पान काढा, डाव्या रकान्यातली तिसरी ओळ वाचा’ म्हणायचे आणि एकाकडून ती वाचून घ्यायची. फोनवर शिकवणाऱ्याला एक शिस्त लागते जी फळ्यापुढे उभे राहून लागत नाही: प्रत्येकाचे नाव घेऊन विचारणे, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देणे, आणि प्रश्न विचारल्यावर येणारी शांतता सोसणे. समोर चेहरे नसले की ती शांतता फार लांब वाटते आणि घाबरून शिक्षक स्वतःच उत्तर देऊन टाकतो. हे टाळायला सराव लागतो. व्याख्यान झोडण्याची सवय असलेल्यांना फोनचा वर्ग जमणार नाही. त्यांनी ते रेकॉर्ड करून पाठवावे, ऐकायचे तेव्हा लोक ऐकतील.

रेकॉर्ड केलेल्या आवाजाची ताकद रोह्याला सांगायला नको. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० चा, रोह्याचाच. त्यांची ध्वनिचित्रमुद्रित प्रवचने गावोगावच्या स्वाध्याय केंद्रांत, कोळीवाड्यांत वर्षानुवर्षे लोकांनी ऐकली. प्रौढांच्या दूरशिक्षणाचाच हा एक मोठा प्रयोग होता. मात्र नुसत्या कॅसेटवर ते काम उभे राहिले नव्हते. स्वाध्यायी भक्तिफेरीला निघत, घरात बसत, बोलत. मुद्रित प्रवचनाच्या मागे जिवंत भेट होती. मुक्त विद्यापीठाने यातले मुद्रण घ्यावे आणि भेट सोडून द्यावी, हे बरोबर नाही. आणि घरोघर जाणे शक्य नसेल तर भेटीच्या सर्वांत जवळची गोष्ट फोन आहे.

या पट्ट्याला फोनवरचे शिक्षण अगदी परकेही नाही. शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटर जानेवारी २००४ पासून चालू आहे; आपल्या भाषेत प्रश्न विचारा, कृषी पदवीधर उत्तर देतो. रायगड जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला इथेच आहे. रिलायन्स फाउंडेशनसारख्या संस्थांनी महाराष्ट्रात शेतकरी आणि मच्छीमार यांच्यासाठी ऑडिओ कॉन्फरन्स घेतल्या आहेत: गावागावांतले शेतकरी आपापल्या फोनवर, एक तज्ज्ञ, आणि भातावरच्या किडीपासून जनावरांच्या आजारापर्यंत थेट प्रश्न. भातावर खोडकिडा पडला तर फोनवर विचारता येते, त्याच घरातल्या मुलीला अर्थशास्त्रातली मागणीची लवचीकता कळली नाही तर विचारायला नंबर नाही. याचे कारण मला तरी तंत्रज्ञानात सापडत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न तातडीचा मानला गेला, विद्यार्थिनीचा मानला गेला नाही.

आणखी एक कारण पैशाचे. संमंत्रकाला मानधन मिळते ते केंद्रावर घेतलेल्या सत्राचे, हजेरीपटावरच्या सह्यांवर. मंगळवारी रात्री त्याने पाच जणांना चाळीस मिनिटे घसारा समजावला तर ती त्याची हौस ठरते. हौसेवर चालणारी कामे एका माणसाच्या बदलीबरोबर संपतात. मोबाइल कंपनीकडे निघालेल्या कॉलची वेळ, मिनिटे, नंबर यांची नोंद असते; हजेरीपटापेक्षा ती खोटी करायला अवघड. ती नोंद मानधनासाठी ग्राह्य धरायला एका परिपत्रकापलीकडे काय लागणार आहे?

साध्या मोबाइलवर फोन करणारा आणि आणखी पाच जण, असे सहा जण एकत्र जोडता येतात. अभ्यासगटाला ही संख्या उत्तम आहे. याहून मोठा गट केला की पुन्हा मागचा बाक तयार होतो. जास्त विद्यार्थी असतील तर जास्त गट करावेत. संपर्क सत्रे बंद करावीत असे माझे म्हणणे नाही. उलट एकमेकांचे चेहरे एकदा पाहिलेले असले की फोनवर जीभ लवकर सुटते. पहिले सत्र केंद्रावरच व्हावे आणि त्यातच गट पडावेत.

पेण आणि रोह्याच्या अभ्यासकेंद्रांतल्या संमंत्रकांना विनंती आहे. नाशिकहून आदेश यायची वाट पाहू नका. एक विषय घ्या, ज्यात सर्वांत जास्त विद्यार्थी अडतात तो. पाच जणांचे नंबर आणि त्यांना सोयीची वेळ लिहून घ्या, आणि येत्या मंगळवारी फोन लावा. फोन तुम्ही करायचा, कारण विद्यार्थी स्वतःहून करणार नाही. त्याने तो आजवर कधी केलेला नाही. एक शैक्षणिक सत्र संपेपर्यंत हे चालवा, कोण टिकले आणि कोण गळले ते वहीत मांडा, आणि ती वही घेऊन मग विद्यापीठाकडे मानधन मागा.